मीटरखालचा बोर्ड एकदा उघडून पाहा

खोली विकत घ्यायची असो की कारखान्यासाठी गाळा पगडीने घ्यायचा असो, आपली माणसे चौकशीत कमी पडत नाहीत. कागद कोणाच्या नावावर आहेत, पाणी किती वाजता येते, गल्लीत टेम्पो शिरतो की नाही, शेजार कसा आहे, हे सारे विचारून घेतले जाते. भिंतीवर हात फिरवून ओल पाहिली जाते. मात्र दाराआड किंवा जिन्याखाली मीटरच्या खाली जो बोर्ड असतो, त्याचे झाकण उघडून पाहणारे गिऱ्हाईक आमच्या तरी पाहण्यात नाही. दिवा लागला, पंखा फिरला, की लाईट ठीक आहे असे समजून सौदा पक्का होतो.

गेल्या काही महिन्यांत आम्ही परवानाधारक वायरमन मित्रांना बरोबर घेऊन ओळखीच्या काही घरांत आणि घरातच चालणाऱ्या कारखान्यांत हे झाकण उघडून पाहिले. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते. कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. घरे आपलीच आहेत, वायरिंग करणारे हात बरेचसे आपलेच आहेत आणि वायर, स्विच, ब्रेकर विकणारी दुकानेही पुष्कळशी आपलीच आहेत. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

घर तेच, लोड नवा

आपल्या वस्त्यांतली घरे नुसती राहण्याची नाहीत. मालेगाव-भिवंडीत लूमच्या भिंतीला लागून संसार आहे. मुंबईत मदनपुरा, धारावी, गोवंडीकडे खाली शिलाई, वर जरीचा कारचोब आणि त्याच्याही वर झोपण्याचा माळा, असा प्रकार सर्रास आढळतो. ही वायरिंग ज्या दिवशी झाली त्या दिवशी त्या खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ होता. आज त्याच वायरीवर फ्रिज, गिझर, एसी, शिलाईच्या मशीनच्या मोटारी आणि प्रेसची इस्त्री चालते.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटची एक इस्त्री २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर करंट ओढते. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत रात्रभर कपडे तयार होत असतात आणि अशा पाच इस्त्र्या एकाच लाईनवर लागतात, तेव्हा बावीस अँपिअरच्या आसपास करंट जातो. पाईपमधून गेलेल्या अडीचच्या तांब्याच्या वायरीला एवढा करंट तासन्‌तास वाहून नेणे जड जाते, आणि जुनी दीडची वायर असेल तर विचारूच नये. करंट दुप्पट झाला की वायरीत तयार होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. वायरीवरचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते ते याच उष्णतेने. भिंतीच्या आत ते कोणाला दिसत नाही. दिसते ते फक्त बोर्डावर, आणि तिथे तर आपण पाहतच नाही.

झाकणाखाली काय दिसले?

पहिली गोष्ट किटकॅटची. जुन्या चिनी मातीच्या किटकॅटमध्ये बारीक फ्यूजवायर हवी. ती वारंवार जाते म्हणून कोणी तिथे वायरीचे चार-पाच तांब्याचे तंतू एकत्र पिळून बसवतो. एके ठिकाणी तर सरळ खिळा आडवा घातलेला होता. फ्यूज जाणे हा बिघाड आहे असे आपण समजतो. वास्तविक लोड जास्त आहे ही खबर फ्यूज देत असतो. खबर देणाऱ्याचेच तोंड बांधले, तर जे जळायचे ते पुढे भिंतीत जळते.

जिथे किटकॅट जाऊन एमसीबी आले तिथेही हीच चूक नव्या रूपात दिसली. सोळा अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो, म्हणून त्याच जुन्या वायरीवर बत्तीसचा बसवला. मालक खूश, काम थांबत नाही. पण एमसीबी वायरीच्या ताकदीनुसार बसवायचा असतो, आपल्या गरजेनुसार नव्हे. जास्त लोड हवा असेल तर आधी वायर बदलावी लागते, मग ब्रेकर.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. जुन्या बोर्डांवर फेजला एक आणि न्यूट्रलला एक अशी दोन किटकॅट असतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद होतो, पंखा थांबतो, घरातला माणूस लाईट गेली असे समजून होल्डरमध्ये हात घालतो आणि फेज मात्र जिवंत असते. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज नको, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितलेले होते. एवढ्या वर्षांनंतरही तो फ्यूज आमच्या घरांत शिल्लक आहे.

तिसरी गोष्ट ढिल्या स्क्रूची. ही सर्वांत साधी आणि आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित. एका टर्मिनलमध्ये दोन-दोन, तीन-तीन वायरी कोंबलेल्या, कुठे जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि नवी तांब्याची वायर एकत्र पिळून वर टेप गुंडाळलेली. ॲल्युमिनियम तापले की पसरते, थंड झाले की आकसते, त्यावर पापुद्रा धरतो आणि सांधा हळूहळू ढिला पडतो. ढिला सांधा तापतो, प्लॅस्टिक काळे पडते, जळका वास येतो. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की, अशा वेळी चांगला एमसीबीसुद्धा पडत नाही. कारण करंट ठरल्याएवढाच असतो. उष्णता सांध्यात होत असते आणि एमसीबीला ती कळत नाही. बोर्डाजवळ जळका वास आला, झाकण हाताला गरम लागले किंवा दिवे मधूनच फडफडू लागले, तर ‘ब्रेकर पडला नाही ना, मग काही नाही’ असे म्हणून सोडून देऊ नये.

चौथी गोष्ट अर्थिंगची. हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली असते आणि तिथेच तोडून लोंबत ठेवलेली असते. काही ठिकाणी ती पूर्वी नळाच्या लोखंडी पाईपला बांधलेली होती. मध्यंतरी नळाचे काम निघाले, पाईप प्लॅस्टिकचा झाला आणि अर्थिंग त्याच दिवशी संपली. घरातल्या कोणालाच त्याची गंधवार्ता नाही. काही कारागीर सॉकेटमध्ये अर्थची पिन आणि न्यूट्रल एकत्र जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लागतो, मालकाचे समाधान होते. पण मागे न्यूट्रल तुटली, तर त्या सॉकेटवर लावलेल्या फ्रिजच्या, मशीनच्या पत्र्यावर करंट येतो.

पाचवी गोष्ट गळती ओळखणाऱ्या स्विचची, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबी म्हणतात आणि आज दुकानात आरसीसीबी म्हणून मिळतो. पुष्कळ ठिकाणी तो नव्हताच. जिथे होता तिथे ‘सारखा पडतो’ म्हणून वायर बाहेरून फिरवून त्याला बाद केलेले. तो सारखा पडतो याचा अर्थ घरात कुठेतरी करंट गळत आहे, हे त्या मालकाला कोणी समजावलेच नाही. एमसीबी आणि हा स्विच यांत फरक काय, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. उत्तर आकड्यांत देतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर गळतीला लाईन तोडतो. सहा अँपिअरचा छोटा एमसीबी घेतला तरी तो आकडा याच्या दोनशे पट आहे. माणसाच्या अंगातून करंट गेला तर एमसीबीला त्याची दादही नसते. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबून पाहावे. दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो निकामी समजावा.

याखेरीज इन्व्हर्टरची एक गफलत जागोजागी आहे. मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेले, असे समजून माणूस कामाला हात घालतो आणि इन्व्हर्टरची लाईन चालूच असते. ज्या घरात इन्व्हर्टर आहे त्या बोर्डावर ‘इन्व्हर्टर आधी बंद करा’ एवढी चिठ्ठी तरी चिकटवलेली असावी. आणि बोर्डाची जागा! कापडाचे तागे, गादीचा कापूस, गॅसचा सिलिंडर आणि वर बोर्ड, आणि खोलीला बाहेर पडायची वाट त्याच बोर्डाखालून. ठिणगी पडली तर आतला माणूस कुठून निघणार, याचा विचार त्या मांडणीत कोणी केलेलाच नाही.

जिथे काम तिथेच झोप

हे लिहिताना तीन घटना डोळ्यांपुढे येतात. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत बॅगा वगैरे तयार करणाऱ्या इमारतीला पहाटे आग लागली आणि ४३ जण गेले. त्यांतले बहुतेक तिथेच झोपलेले, परमुलखातून आलेले कारागीर होते. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात शिलाईच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातले ७ जण गेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कारखान्याच्या मालकाचे कुटुंब होते आणि कामगारही होते. कुठे शॉर्टसर्किटचा संशय घेतला गेला, कुठे आणखी काही. कारणांचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण तिन्ही ठिकाणी वेळ झोपेची होती आणि माणसे कामाच्या जागीच झोपलेली होती. अशा जागेत मालक आणि मजूर, शेठ आणि शागिर्द असा भेद आग करीत नाही.

विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात, हे सरकारी नोंदींवरूनच दिसते. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आपल्या माळ्यावर झोपतो, तेव्हा त्याच्या आई-बापाने तो आपल्या स्वाधीन केलेला असतो. ती अमानत आहे. ओव्हरटाईमचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मालकाने त्या मुलाच्या उशाशी असलेला बोर्ड कधी पाहिला आहे काय?

कोणी पाहत का नाही?

नियम नाहीत असे नाही. १९५६ च्या नियमांत चालू जोडणीची कमाल पाच-पाच वर्षांनी तपासणी व्हावी असे होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यांच्या जागी २०२३ चे सुरक्षा नियम आले, त्यांतही तपासणीचे तत्त्व कायम आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पण एकदा मीटर बसला की पुढची तीस वर्षे कोणी फिरकत नाही, आणि फिरकावे अशी आपली इच्छाही नसते.

ती का नसते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. मंजूर लोड एक आणि वापर दुसरा, घरगुती मीटरवर कारखाना, शेजारच्या मीटरवरून ओढलेली लाईन, हे झाकण उघडले की उघडे पडेल, अशी भीती अनेकांच्या मनात आहे. पगडीच्या खोलीत घरमालक म्हणतो लोड तुमचा, भाडेकरू म्हणतो वायरिंग तुमची, आणि खर्च कोणीच करीत नाही. भीती समजण्यासारखी आहे. पण लोड वाढवून घेण्याचा अर्ज, त्याचे पैसे आणि चार हेलपाटे हे नुकसान मोजता येते. जळालेल्या मालाचे आणि गेलेल्या माणसाचे नुकसान कोणत्या वहीत मांडणार?

‘तीस वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद आम्ही घरोघर ऐकला. यावर परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत घर विकत घेण्यापूर्वी तपासनीस बोलावून त्याच्याकडून बोर्डाचे झाकण उघडून पाहण्याची रीत आहे. तेथे १९५० ते १९८० च्या दशकांत फेडरल पॅसिफिक या कंपनीचे ‘स्टॅब-लॉक’ ब्रेकर लाखो घरांत बसले. लोड वाढला तरी त्यांतले काही पडतच नाहीत, असे चाचण्यांत पुढे आले. वर्षानुवर्षे दिवे लागत होते, म्हणून घरमालक निर्धास्त होते. आजही तेथील तपासनीस हे बोर्ड दिसले की बदलून घ्या म्हणून लिहून देतात. न पडणारा ब्रेकर चांगला असतो असे नाही; तो मेलेलाही असू शकतो.

पाहण्याची मजुरी द्या

आपल्याकडे खरी अडचण अशी आहे की वायरमनला बसवण्याची मजुरी मिळते, पाहण्याची मिळत नाही. पॉइंट मारला तर पैसे, नुसते तपासले तर चहा. मग तो तपासणार कशाला? आणि तपासलेच, तर काहीतरी बदलायला लावल्याशिवाय त्याचे पोट भरत नाही. म्हणून मालकाचा त्याच्यावर भरवसा नाही. आमचे म्हणणे असे की तपासणी हे स्वतंत्र काम माना, त्याची मजुरी वेगळी ठरवा, आणि जे आढळले ते कागदावर लिहून घ्या. माल कोठून घ्यायचा, काम कोणाला द्यायचे, ते मालकाने नंतर ठरवावे. असे झाले तर तपासणाऱ्यालाही खरे बोलायला मोकळीक राहील.

आमच्या वायरमन बांधवांना आम्ही एवढेच सांगू की उस्तादाच्या हाताखाली शिकलेली कारागिरी मोठी आहे, पण तिला परवान्याचा शिक्का हवा. आयटीआयचा कोर्स, वायरमनचा परवाना, पुढे ठेकेदारीचा परवाना ही वाट लांब असली तरी खुली आहे. परवाना असलेल्या माणसाच्या सहीला किंमत येते. आणि गिऱ्हाईक म्हणाले, ‘बत्तीसचा टाक, काही होत नाही’, तर नाही म्हणण्याची हिंमत ठेवावी. एक काम हातचे जाईल, पण नाव राहील.

दुकानदार बांधवांनाही दोन शब्द. नंबर दोनचा माल कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही, पण गल्ल्यावर बसलेल्याला येते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांबे म्हणून विकणे, नामांकित कंपनीच्या खोक्यातून हलका ब्रेकर देणे, यात सुटणारा नफा कोणाच्या तरी घराच्या भिंतीत तापत असतो. वायर आणि ब्रेकर यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. शिक्क्यासोबत असलेला सीएम/एल क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून खरा-खोटा पाहता येतो. चांगल्या दुकानदाराने तो गिऱ्हाइकासमोर स्वतःच पाहून दाखवावा. ती त्याच्या दुकानाची जाहिरातच होईल.

सगळी वायरिंग एकदम बदलणे गरिबाला झेपत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण सुरुवात महाग नाही. बोर्डाखालून तागे हलवायला पैसे लागत नाहीत. किटकॅटमधला खिळा काढायला आणि ढिले स्क्रू आवळायला एका कारागिराचा अर्धा दिवस पुरतो. मात्र हे काम मेन लाईन बंद करून जाणत्यानेच करावे, घरच्या मुलाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नव्हे. त्यानंतर आरसीसीबी, त्यानंतर खरी अर्थिंग, आणि शेवटी सवडीने वायर, असा क्रम ठेवला तर खर्च वर्षभरात वाटला जातो.

बाजारपेठांच्या कमिट्यांनी आणि मोहल्ल्यांतल्या संघटनांनी हे काम हाती घेतले तर अधिक सोपे होईल. रमजानपूर्वी दुकानांना रंग लागतो, रोषणाईच्या माळा चढतात. त्याच सुमारास परवानाधारक दोन वायरमन ठरवून, एक मजुरी बांधून, गल्लीतल्या एकेका बोर्डाचे झाकण उघडून घ्यावे आणि प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत काय निघाले ते ज्याचे त्याच्यापाशी राहू द्या. पगडीच्या नव्या करारात मात्र बोर्ड तपासल्याची ओळ घालण्याचा आग्रह गिऱ्हाइकाने धरावा.

पुढच्या खेपेस खोली पाहायला जाल तेव्हा भिंतीची ओल पाहा, पाण्याची वेळ विचारा, आणि मग मालकाला म्हणा, ‘जरा बोर्डाचे झाकण उघडता काय?’ तो का-कू करू लागला, तर त्यातूनच पुष्कळ कळेल.